खालची पट्टी : ठाणे ते कल्याण, जाहिरात चुकवण्याची हकिकत

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत रात्री साडेनऊच्या सुमारास केबलवाल्याचा स्वतःचा चॅनल सुरू व्हायचा. पिक्चर नवा असायचा, प्रिंट मात्र धुरकट. नायिका पावसात गाऊ लागली की तिच्या घोट्यांपाशी एक निळी पट्टी सरकू लागे. साड्यांचा सेल, दहावीच्या क्लासची नवी बॅच, कुठल्याशा हॉलमधलं हातमाग प्रदर्शन, कुणाच्या तरी नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. मधेच ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी खरोखरच कामाची बातमीही त्याच पट्टीत. ती थांबवायचा उपाय कुणाकडे नव्हता. चित्र आणि पट्टी एकाच काळ्या तारेतून घरात येत, आणि ती तार गच्चीवरच्या टाकीला वेढे घालत थेट केबलवाल्याच्या खोलीपर्यंत गेलेली असे. पट्टी नको असेल तर पिक्चरही नको, एवढाच पर्याय.

ही पट्टी नियमाला धरून नव्हती. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियमांतला सातवा नियम जाहिरातींचा आहे. जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर टाकून कार्यक्रमात व्यत्यय आणू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. तासाला बारा मिनिटांची मर्यादाही त्याच नियमात आहे : दहा मिनिटं जाहिराती आणि दोन मिनिटं चॅनलने स्वतःची टिमकी वाजवायची. २०१२-१३ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ही मर्यादा पाळाच असा आग्रह धरला तेव्हा वाहिन्या कोर्टात गेल्या, आणि बारा मिनिटं कागदावरच राहिली. मर्यादा सरकारने घालायची आणि ती प्रेक्षकाने कधीच अनुभवायची नाही, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. पुढे प्रेक्षकाच्या हातात स्वतःच कात्री आली तेव्हा त्याने ती वापरताना जराही संकोच का केला नाही, हे समजायला हा मागचा हिशोब लक्षात घ्यावा लागतो.

तसं पाहिलं तर जाहिरातीशी आपलं मुळात वैर नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती लागू लागल्या. लोकांनी त्या पाठ केल्या. डोंबिवलीला तर एका जाहिरातीचं घरचं नातं होतं. १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोने प्रायोजित केली होती, आणि विकोचा कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत. त्याच भागातलं पेंढरकर कॉलेज विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर यांच्या नावाचं. म्हणजे पडद्यावर जिची जाहिरात लागे ती पेस्ट रिक्षाच्या अंतरावर तयार होत होती आणि शेजारचा मुलगा त्या नावाच्या कॉलेजात शिकत होता. जाहिरात लागली की बायका उठून भाताखालचा गॅस बारीक करून येत, पुरुष चपला शोधून पान खायला खाली उतरत. तो ब्रेक होता, व्यत्यय नव्हता. जाहिरात एकदाच लागे, सगळ्यांना एकच लागे आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नसत.

पैसे पडायला लागले ते इंटरनेटमुळे. इथे आपल्या पट्ट्याचा एक नकाशा डोळ्यांपुढे आणायला हवा. टेलिफोनच्या दृष्टीने ठाणे मुंबईतच होतं. तिथे एमटीएनएल आणि कोड ०२२. लोकल पुढे दिव्याच्या पलीकडे गेली की बीएसएनएलचं राज्य, आणि कोड ०२५१. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे त्यात. रोज दादरला नोकरीला जाणारा माणूस घरी आला की टेलिफोन खात्याच्या लेखी परगावचा होई. विजेचंही तसंच. मुंबई शहरात दिवे जात नसत, इकडे महावितरणचं भारनियमन. २००५ च्या जानेवारीत दोन्ही सरकारी कंपन्यांनी ब्रॉडबँड आणलं. इकडे ‘डेटावन’, ठाण्यात ‘ट्राय बँड’. वेग २५६ केबीपीएस आणि स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याचे मोजून दिलेले एमबी. त्यावर गेलात तर दर एमबीला पैसे.

आज हे सांगितलं तर कॉलेजातल्या मुलांना गंमत वाटते. पण त्या वेळी घरोघरी मॉडेमशेजारी वही असायची. २५६ केबीपीएसवर दहा एमबीचं एक गाणं उतरायला पाचेक मिनिटं लागत. बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट होतं, म्हणून पोरं पावणेदोनचा गजर लावून उठत आणि नेमकी दोन वाजता वीज गेली तर कपाळाला हात लावून झोपत. अशा घरात मॉनिटरवर एखादं नाचतं, चमचमतं बॅनर उघडलं की ते कुणी फुकट पाहत नव्हतं. ते उतरवायचे एमबी पाहणाऱ्याच्या खात्यातून जात होते. पेपरवाल्याने पेपरात साबणाचं पत्रक घालावं आणि महिनाअखेरीला पत्रकाचेही पैसे लावावेत, तसा हा प्रकार. इंटरनेटवरच्या जाहिरातीबद्दलची आपल्याकडची पहिली तक्रार ही अशी वाण्याच्या हिशोबाची होती. खासगीपणा, पाळत, डेटा हे शब्द फार नंतर आले.

कात्री तोवर तयार झाली होती, पण फार लांब. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या हेन्रिक आस्टेड सोरेन्सन नावाच्या विद्यार्थ्याने, परीक्षेचा अभ्यास टाळता टाळता, ‘ॲडब्लॉक’ नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. फायरफॉक्स तेव्हा बाल्यावस्थेत होता आणि त्याचं नावही वेगळं होतं. २००६ मध्ये व्लादिमिर पालांतने ते नव्याने लिहून ‘ॲडब्लॉक प्लस’ काढलं. त्यामागची कल्पना साधी आहे. वेबपान म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. मजकूर एका पत्त्यावरून येतो, चित्रं दुसऱ्या आणि जाहिराती बहुतेकदा तिसऱ्याच. ज्या पत्त्यांवरून फक्त जाहिराती येतात त्यांची यादी करायची आणि ब्राउजरला सांगायचं की या दारावर जाऊच नकोस. ‘ईझीलिस्ट’ नावाची अशी यादी रिक पेटनेल या स्वयंसेवकाने सुरू केली. तो २००९ मध्ये वारला, यादी मात्र इतरांनी चालू ठेवली. आजही जगातले बहुतेक ब्लॉकर तिच्यावरच उभे आहेत. सगळा पसारा फुकट काम करणाऱ्या माणसांच्या खांद्यावर आहे, हे पुढे महत्त्वाचं ठरणार होतं.

ही कात्री ठाण्या-कल्याणच्या घरांत आली ती फॉरमॅट मारून देणाऱ्या मुलाच्या हातून. तेव्हा बहुतेकांचे पीसी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले असत. दर सहा महिन्यांनी त्यात व्हायरस शिरे आणि बिल्डिंगमधला किंवा शेजारच्या गल्लीतला कुणी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी सीडींचं पाकीट घेऊन येई. आधी विंडोज एक्सपी, मग व्हीएलसी, विनरार, मराठीसाठी ‘बराहा’, आणि शेवटी फायरफॉक्स. “काका, आता निळ्या ‘ई’वर नाही, या कोल्ह्यावर क्लिक करायचं.” त्या कोल्ह्यासोबत ॲडब्लॉकही बसवलेलं असे. काकांना ते ठाऊकही नसे. चहा पिऊन आणि दोनशे-तीनशे रुपये घेऊन मुलगा जाई आणि काका कौतुकाने म्हणत, मशीन फास्ट झालं! मशीन तेच होतं. बॅनर उतरायचे थांबले होते.

यूट्यूबची भारतीय आवृत्ती मे २००८ मध्ये आली. त्याच्या आधी, ऑगस्ट २००७ मध्ये, यूट्यूबने व्हिडिओवर जाहिरात लावायचा पहिला गंभीर प्रयोग केला होता. तो कसला असावा? व्हिडिओ सुरू होऊन पंधरा सेकंद झाली की चित्राच्या खालच्या पाचव्या हिश्शात एक अर्धपारदर्शक पट्टी उगवायची. कॅलिफोर्नियातल्या हुशार माणसांनी बराच विचार करून जे शोधलं ते डोंबिवलीचा केबलवाला दहा-पंधरा वर्षं करतच होता! फरक एवढाच की ही पट्टी ‘x’वर क्लिक करून घालवता येत होती, आणि ती वेगळ्या पत्त्यावरून येत असल्यामुळे ॲडब्लॉकला ओळखू येत होती. डिसेंबर २०१० मध्ये ‘स्किप’चं बटण आलं. पाच सेकंद पाहा, मग पुढे जा. हा तोडगा खरोखर चतुर होता. पाहणाऱ्याला वाटलं आपल्याला मान दिला, आणि जाहिरातदाराला कळलं की पाच सेकंदांपुढे कोण थांबतं. काही वर्षं या बटणावर सगळ्यांचा संसार बरा चालला.

मग इंटरनेट टेबलावरून हातात आलं आणि मोजलेल्या एमबींचा जुना प्रश्न मोबाइलवर पुन्हा उभा राहिला. टूजी-थ्रीजीच्या काळात आपल्याकडे यूसी ब्राउजर घरोघरी पोचला, कारण तो पानं दाबून लहान करी आणि जाहिराती अडवायची सोय त्यात आधीपासूनच होती. डब्लिनच्या ‘पेजफेअर’ या कंपनीने २०१६ मध्ये मोबाइलवरच्या ब्लॉकर ब्राउजरची जागतिक मोजदाद केली. त्यात एकूण ४१.९ कोटी वापरकर्ते निघाले. त्यांपैकी चीनमध्ये १५.९ कोटी, भारतात १२.२ कोटी. अमेरिका-युरोपात तेव्हा ‘जाहिराती अडवणं नैतिक की अनैतिक’ यावर लेख पडत होते. इथे बारा कोटी माणसांनी रिचार्ज पुरवण्यासाठी त्या कधीच अडवून टाकल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण काही भूमिका घेतली आहे याचा पत्ताही नव्हता. त्याच सुमारास, जून २०१५ मध्ये, बेंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला आढळलं की एअरटेलच्या थ्रीजीवर त्याच्या स्वतःच्या वेबसाइटच्या पानात वाटेतच कुणीतरी परका कोड घातला आहे. त्याने तो कोड जगासमोर ठेवला, तर कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीकडून नोटीस त्यालाच आली. तारवाल्याने तारेत स्वतःचं काही घालावं, ही सवय केबलच्या पट्टीबरोबर संपली नव्हती.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि सहा-सात महिने डेटा फुकट मिळाला. हिशोबाची वही त्या महिन्यांत रद्दीत गेली. एमबीच स्वस्त झाले म्हणजे ब्लॉकरची गरजही संपायला हवी होती. झालं उलट. जे लोक आधी दिवसाला एक व्हिडिओ पाहत ते दहा पाहू लागले आणि जाहिरात दहापट वेळा आडवी येऊ लागली. आता मोजायची गोष्ट बदलली. एमबी गेले, सेकंद आले.

याच वर्षांत पडद्याच्या दुसऱ्या बाजूलाही आपली माणसं दिसू लागली. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने २०१५ मध्ये ‘मोस्टली सेन’ हा चॅनल सुरू केला. ‘भाडिपा’ २०१६ मधलं. यूट्यूब लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला देतं. म्हणजे ठाण्यातल्या एका घरातली मुलगी व्हिडिओ करते, शेजारच्या घरातला मुलगा तो ब्लॉकर लावून पाहतो आणि तिला त्या पाहण्याचा छदामही मिळत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि ब्लॉकरवाले तो नेहमी घाईने ओलांडतात. दुसरी बाजूही तितकीच खरी : चॅनलवाल्यांनी मग व्हिडिओतच, स्वतःच्या तोंडाने, प्रायोजकाचं कौतुक करायला सुरुवात केली. तेवढा भाग उडवण्यासाठी अजय रामचंद्रन या तरुणाने २०१९ मध्ये ‘स्पॉन्सरब्लॉक’ काढलं. त्यात प्रेक्षकच प्रेक्षकांसाठी खुणा करून ठेवतात, इथपासून इथपर्यंत जाहिरात आहे. पत्रिकेतला मुहूर्त सोडून थेट पंगतीला जायची ही सोय.

आता गाडीत बसू. डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल. बसू म्हणालो ही म्हणायची पद्धत. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याने पोटाशी धरलेली बॅग आणि त्याच हाताच्या दोन बोटांत फोन. त्या वर्षांत जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून जरा लांब. मुंब्र्याच्या अलीकडे गाणं लावलं की आधी जाहिरात सुरू व्हायची, ती सुरळीत वाजायची, संपता संपता बोगदा यायचा आणि नेटवर्क जायचं. गाणं गोल गोल फिरत राही. कळव्याला बाहेर आल्यावर कधी पान पुन्हा लोड होई आणि नवी जाहिरात लागे. शिवाय फोन खिशात टाकला, पडदा बंद झाला, की यूट्यूबचा आवाज बंद. चालू ठेवायचा तर पैसे भरा. ज्याला कडी सोडता येत नाही त्याला ‘स्किप’ दाबायला तिसरा हात कुठून येणार?

‘यूट्यूब व्हॅन्स्ड’ या ॲपची या पट्ट्यातली लोकप्रियता मला तरी या गर्दीतून समजते. मूळ यूट्यूब ॲपमध्ये फेरफार करून बनवलेलं हे ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं. मित्राकडून किंवा नेटवरून फाइल घ्यायची, फोन धोक्याची सूचना देतो तिकडे काणाडोळा करायचा, गूगलच्या खात्यासाठी ‘मायक्रोजी’ नावाचं आणखी एक ॲप बसवायचं. मग जाहिराती बंद आणि पडदा बंद असतानाही गाणं सुरू. कॅन्टीनमध्ये डबा खाता खाता एक जण दुसऱ्याच्या फोनवर हे बसवून द्यायचा. यूट्यूबचं बिनजाहिरातीचं ‘प्रीमियम’ तोवर भारतात आलेलं होतं, मार्च २०१९ पासून, महिना १२९ रुपयांत. पण जी गोष्ट डब्याच्या वेळेत फुकट होते तिला दरमहा पैसे कोण देणार? मार्च २०२२ मध्ये गूगलने कायद्याची नोटीस बजावली आणि व्हॅन्स्डच्या मंडळींनी प्रकल्प गुंडाळला. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत, ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली होती आणि जलद लोकल बोगदा सोडून मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या होत्या. बोगदा गेला, व्हॅन्स्डही गेलं. त्याच्या जागी ‘रीव्हॅन्स्ड’ आलंच.

मधल्या टाळेबंदीने बरंच काही बदललं. मार्च २०२० पासून घराघरात सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले : मुलांचे वर्ग, बायकांच्या पाककृती, आजोबांची कीर्तनं. त्याच वर्षी जुलैत यूट्यूबने मधोमध जाहिरात लावायची किमान लांबी दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आणली. पुढे शर्ती बदलल्या आणि जून २०२१ पासून भारतासह जगभर, ज्या चॅनलला उत्पन्नात वाटा नाही त्याच्या व्हिडिओवरही जाहिरात लावायचा हक्क कंपनीने स्वतःकडे घेतला. म्हणजे एखाद्या भजनी मंडळाने हौसेने टाकलेल्या हरिपाठातही जाहिरात येणार आणि मंडळाला दमडी मिळणार नाही. ‘पैसे कलाकाराला जातात’ हा युक्तिवाद तिथे तरी लागू पडत नव्हता.

गणपतीतला एक प्रसंग आमच्या आणि बहुधा आणखी हजार घरांतला. गुरुजी मिळाले नाहीत म्हणून टीव्हीवर यूट्यूब लावून आरती. निरांजन पेटलंय, झांजा घुमताहेत, पाहुणे हात जोडून उभे. दुसरं कडवं संपता संपता पडद्यावर रमीचा डाव मांडून एक हसरा नट अवतरला आणि मोठ्या आवाजात जिंकायला बोलावू लागला. “अरे, बंद कर ते आधी!” आई ओरडली. रिमोट सोफ्याच्या फटीत. धाकट्या काकाने ताम्हण एका हातात धरून शेवटी टीव्हीचं बटणच बंद केलं आणि उरलेली आरती सगळ्यांनी पाठ येत होती तेवढी म्हटली. दुसऱ्या दिवशी पुतण्याने लॅपटॉपला केबल लावून टीव्ही जोडला. लॅपटॉपवर ब्लॉकर होता.

टीव्हीवरच्या यूट्यूब ॲपला असलं एक्स्टेन्शन जोडता येत नाही, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्यात भर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या काळजीची. शेअरबाजारात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या बनावट जाहिराती वाढल्या. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरने स्वतःच जाहीर केलं की एका गेमिंग ॲपच्या जाहिरातीत फिरणारा आपला व्हिडिओ बनावट आहे. अमेरिकेच्या एफबीआयने तर डिसेंबर २०२२ मध्येच नागरिकांना फसव्या जाहिरातींपासून बचाव म्हणून ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता. ठाण्यातल्या मुलाने वडिलांच्या लॅपटॉपवर ब्लॉकर बसवला तर आता त्याचं कारण एमबीही नव्हतं आणि सेकंदही नव्हते. रमीच्या जाहिरातींचा बंदोबस्त मात्र कुठल्याच ब्लॉकरने केला नाही. तो ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालून केला.

उघड लढाई पेटली ती २०२३ मध्ये. मे महिन्यात काही मोजक्या वापरकर्त्यांना यूट्यूबवर एक चौकट दिसली : इथे ब्लॉकर चालत नाही, तो बंद करा किंवा प्रीमियम घ्या. जूनमध्ये तिला मोजणी जोडली गेली. तीन व्हिडिओ पाहा, मग प्लेअर बंद. ऑक्टोबर उलटेपर्यंत हे जगभर लागू झालं. त्या आठवड्यांत ब्लॉकर काढून टाकणाऱ्यांची आणि दुसरा ब्लॉकर बसवणाऱ्यांची एकच झुंबड उडाली. या वेळी मैदानात मुख्यतः रेमंड हिलचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ होतं. २०१४ मध्ये सुरू झालेलं, कुणाकडून देणगी न घेणारं. ‘ॲडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘सभ्य’ जाहिराती सोडायची आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल पैसे घ्यायची वाट धरली होती, त्यामुळे कडवे लोक कधीच इकडे सरकले होते.

पुढचे काही आठवडे हा खेळ अक्षरशः तासांवर चालला. यूट्यूब ब्लॉकर ओळखणारी आपली स्क्रिप्ट बदली, स्वयंसेवक नवे नियम लिहीत, काही वेळाने स्क्रिप्ट पुन्हा बदले. कल्याणच्या माणसाला त्यातलं दिसे ते इतकंच : सकाळी चाललं, दुपारी चौकट आली, एक्स्टेन्शनच्या याद्या ताज्या केल्या, रात्री पुन्हा चाललं. एका बाजूला पगारी इंजिनीअर, दुसऱ्या बाजूला नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारी माणसं. युरोपात खासगीपणासाठी लढणारे अलेक्झांडर हॅनफ यांनी आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रार केली की परवानगीशिवाय माझ्या मशिनमध्ये डोकावून ब्लॉकर आहे का ते पाहणं हाच गुन्हा आहे. ब्लॉकर कायदेशीर की बेकायदा हा प्रश्न, निदान व्यापारी स्पर्धेच्या कायद्यापुरता, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्येच ब्लॉकरच्या बाजूने सोडवला होता. भारतात प्रेक्षकाने ब्लॉकर वापरणं गुन्हा ठरवणारा कायदा नाही. भांडण आहे ते यूट्यूबच्या शर्तींशी, म्हणजे सोसायटीच्या नियमांसारखं. सोसायटी तुम्हाला तुरुंगात घालू शकत नाही, गेटवर अडवू शकते.

दोन वारांनी पारडं फिरलं. पहिला ब्राउजरमधूनच आला. क्रोम गूगलचा, यूट्यूब गूगलचं. क्रोममधल्या एक्स्टेन्शनसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ नावाची नवी चौकट २०१८ पासून घाटत होती. जुन्या चौकटीत ब्लॉकर स्वतः दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला तपासत असे. नव्या चौकटीत त्याने आपली यादी आधी ब्राउजरकडे जमा करायची, दारात ब्राउजर उभा राहील आणि यादी किती लांब असावी हेही तोच ठरवील. सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे असं गूगलचं म्हणणं, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. लबाड एक्स्टेन्शन्सनी बरंच नुकसान केलं आहे. पण ऑक्टोबर २०२४ पासून क्रोममध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ बंद पडू लागलं आणि २०२५ च्या मध्यापर्यंत पुरतं गेलं, तेव्हा सुरक्षेबरोबर आणखी कुणाची सोय झाली हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. फायरफॉक्सने जुनी पद्धत ठेवली. वीस वर्षांपूर्वी पाकिटातल्या सीडीतून आलेला कोल्हा लोक पुन्हा शोधू लागले.

दुसरा वार अधिक खोल. जून २०२४ मध्ये स्पॉन्सरब्लॉकच्या अजयच्या लक्षात आलं की काही लोकांच्या खुणा सरकताहेत. जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून न येता यूट्यूबच्या सर्व्हरवरच व्हिडिओच्या प्रवाहात शिवली जात होती, त्यामुळे व्हिडिओची वेळच पुढेमागे होत होती. तेव्हा तो प्रयोग होता. पण त्यातला अर्थ जुन्या डोंबिवलीकराला लगेच कळावा. जाहिरात पेपरात घातलेलं पत्रक होती तोवर ती झटकून टाकता येत होती. आता ती त्याच तारेतून, त्याच चित्रात येणार.

पैशाचं गणितही त्याच काळात सरकलं. प्रीमियम ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ झालं, कुटुंबाचा प्लॅन १८९ वरून एकदम २९९. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओने पैसे भरलेल्या ग्राहकांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले. पैसे भरले की जाहिरात नाही, हा प्रीमियमचा पायाच तिथे हलला. यूट्यूबचं जाहिरातीचं उत्पन्न २०२३ मध्ये ३१.५ अब्ज डॉलर होतं, पुढच्या वर्षी ३६ अब्जांवर गेलं. ब्लॉकरमुळे कंपनी बुडत होती असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही. छोट्या चॅनलवाल्याचं काय झालं, ते आकड्यात कुणी मांडत नाही. तो आता व्हिडिओच्या सुरुवातीलाच मसाल्याचं पाकीट हातात धरून उभा असतो.

गच्च्यांवरच्या काळ्या तारांची जागा बारीक फायबरने घेतली आहे, आणि ती ओढणारा बऱ्याच ठिकाणी पूर्वीचाच केबलवाला किंवा त्याचा मुलगा आहे. पुतण्याने आजोबांच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स बसवून दिला आहे, तो नीट चालतो. हॉलमधल्या टीव्हीचं मात्र काही करता आलेलं नाही. रिमोटचं लाल बटण दाबलं की अजून एकही ॲप उघडलेलं नसतं, तेवढ्यातच पडद्यावर कुठल्याशा नव्या मालिकेची, मोबाइलची नाहीतर गाडीची रुंद पट्टी येऊन बसते. रिमोटवर तिच्यासाठी बटण नाही.